साध्या पांढऱ्या कापडाची पारख : भिवंडी–वडपे परिसराच्या निमित्ताने

१

अलंकरण नसलेल्या वस्तूची परीक्षा सोपी असते, असा एक रूढ समज आहे. पैठणीची पारख करावयाची तर जर, काठ, पदर, रंग व वीण या सर्वांचे ज्ञान लागते. साध्या पांढऱ्या कापडात पाहण्यासारखे ते काय असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. कापडाच्या व्यापाराचा इतिहास मात्र याच्या उलट निष्कर्ष सुचवितो. नक्षी आणि रंग दोष झाकतात हे खरे. परंतु नक्षी ही नक्षी म्हणून दिसते, रंग हा रंग म्हणून दिसतो. पांढऱ्या कापडाला दिलेली खळ, तिच्यात कालवलेली पांढरी माती, किंचित् नीळ, तापलेल्या रुळांखालचा दाब ही साधने स्वतः दिसत नाहीत. ती कापडाचेच गुण म्हणून दिसतात. म्हणून साधे पांढरे कापड हे पारख्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड कापड होय.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. साध्या पांढऱ्या कापडाची निर्णायक परीक्षा एकच, आणि ती म्हणजे धुणे. धुण्याने वरवरचे संस्कार निघून जातात व सूत आणि वीण एवढेच उरते. म्हणून या कापडाच्या पारखीचा इतिहास लिहावयाचा तर दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ही परीक्षा पैसे मोजण्यापूर्वी करण्याचा अधिकार कोणाला होता? आणि तिच्यात उघड झालेल्या दोषाची किंमत अखेर कोणी भरली? मांजरपाटाच्या ठाणापासून आजच्या पांढऱ्या टी-शर्टापर्यंत हे दोन प्रश्न कायम राहिले आहेत.

२

या विवेचनासाठी भिवंडी परिसराची निवड सहेतुक आहे. कामवारी नदीकाठचे हे गाव जुन्या व्यापाराचे ठिकाण. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्तीने येथील हातमागाला बळ आले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात येथे यंत्रमाग आले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि गिरण्यांतील विणकामाचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळला. या मागांवर प्रामुख्याने निघते ते कोरे कापड. व्यापारी भाषेत याला ‘ग्रे’ म्हणतात. ते विरंजनासाठी, रंगासाठी वा छपाईसाठी बहुधा अन्यत्र जाते. म्हणजे भिवंडीची ख्याती सजविलेल्या कापडाची नव्हे, तर सजावटीपूर्वीच्या कापडाची आहे.

वडपे हे गाव भिवंडी शहराबाहेर, मुंबई–नाशिक महामार्गावर आहे. या महामार्गाच्या रुंदीकरणाचा एक प्रकल्प ‘वडपे–गोंदे’ याच नावाने ओळखला गेला. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर, तरीही मुंबईच्या निकट, अशा स्थानामुळे भिवंडी तालुक्यातील भातशेतीच्या जमिनींवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली. तथापि गोदामे हटली नाहीत, उलट वाढली. जकातीच्या कारणाने आलेला व्यापार रस्त्यांच्या कारणाने टिकला. ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झालेला समृद्धी महामार्गही याच तालुक्यात आमणे येथे येऊन थांबतो.

आता गंमत अशी, की एकाच तालुक्यात कापडाची दोन टोके शेजारी आली आहेत. एका टोकाला मागावरून नुकतेच उतरलेले कोरे कापड, तर दुसऱ्या टोकाला पारदर्शक पिशवीत बंद होऊन ग्राहकाच्या दाराशी जाणारा तयार कपडा. परंतु ही दोन टोके एकाच कापडाची नाहीत. भिवंडीचा माग उभ्या ताण्यातून आडवा बाणा घालतो. टी-शर्टाचे कापड फासात फास गुंतवून तयार होते आणि त्याचे मोठे केंद्र तमिळनाडूत तिरुप्पूर येथे आहे. मराठीत दोन्ही क्रियांना ‘विणणे’ हाच शब्द असल्याने हा भेद सहज निसटतो. पारखीच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे.

३

हाताने करावयाच्या परीक्षेचा विचार प्रथम करू. ‘कोरे’ आणि ‘धुवट’ ही मराठीतील जोडी या विषयाचे मर्म सांगते. कोरे म्हणजे मागावरून आले तसे, खळीसह. धुवट म्हणजे धुऊन, उजळून आलेले. दुकानात ठाण उलगडले असता अनुभवी गिऱ्हाईक पुढील गोष्टी करी. कापड उजेडासमोर धरून वीण सारखी आहे की कोठे विरळ, कोठे दाट आहे हे पाहणे; एक कोपरा दोन्ही हातांत चोळून पांढरी भुकटी पडते का हे पाहणे; तोच कोपरा ओला करून त्याची ताठरता उरते का हे पाहणे; कडेचा एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडणे आणि तंतू आखूड आहेत की लांब हे पाहणे. शिवावयास देण्यापूर्वी मांजरपाट भिजवून वाळविण्याची घरोघरची पद्धतही याच परीक्षेचा भाग होती. कापड किती आटते हे शिंप्याच्या कात्रीपूर्वी कळलेले बरे, हा त्यामागील व्यवहार.

या परीक्षांचे वैशिष्ट्य असे, की त्या सर्व धुण्याच्या लघुरूप आवृत्त्या आहेत. चोळणे, ओले करणे, पीळ उलगडणे या प्रत्येक कृतीत वरचा संस्कार थोडासा दूर करून आतील वस्तू पाहण्याचा प्रयत्न आहे. दुकानदार सबंध ठाण धुऊ देणार नाही. पण कोपरा चोळू देतो. गिऱ्हाइकाच्या अधिकाराची सीमा ही अशी कोपऱ्याएवढी होती. पण ती होती.

४

या अधिकाराला पहिला मोठा धक्का एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या मालाने दिला. खळ ही वस्तू मुळात दोषास्पद नाही. मागावर ताण्याचे धागे सतत घासले जातात. खळ दिल्यावाचून ते तुटतात. त्यासाठी पीठ आणि चरबी वापरीत. क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३–५६) हे पदार्थ महागले आणि कॉर्नवॉलची पांढरी चिनी माती खळीत येऊ लागली. पुढे अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) लांब तंतूचा अमेरिकन कापूस दुर्लभ झाला. आखूड तंतूचा हिंदी कापूस, ज्याला तेथे ‘सुरत’ म्हणत, वापरणे भाग पडले, आणि त्याच्या दुबळ्या सुताला अधिक खळ लागू लागली. गरजेतून आलेली ही रीत टंचाई संपल्यावरही राहिली, कारण आता तिच्यात नफा दिसू लागला होता. कापड भारदस्त वाटावे म्हणून माती वाढविली. माती टिकावी म्हणून ओलावा धरणारे क्षार मिसळले. आणि त्या ओलाव्याने समुद्रप्रवासात गठ्ठ्यांना बुरशी येऊ लागली. काही मालात खळीचे वजन कापसाच्या वजनाशी बरोबरी करी. पौर्वात्य बाजारपेठांतून तक्रारी गेल्या त्या याच काळात.

परंतु तक्रार केवळ गिऱ्हाइकाची नव्हती. १८७२ मध्ये डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी टॉडमॉर्डन येथील विणकामाच्या शेडांची पाहणी करून खळीच्या धुळीचा कामगारांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम नोंदविला. जी माती हिंदुस्थानातील घरात पहिल्या धुण्याला वाहून जावयाची, ती तत्पूर्वी विणणाऱ्याच्या छातीत गेली होती. पांढऱ्या कापडाच्या गुणवत्तेचा प्रश्न हा आरंभापासून श्रमाचाही प्रश्न आहे, हे येथे स्पष्ट होते.

याच सुमारास पारखीला शास्त्राचे साहाय्य मिळू लागले. जे. फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत संगृहीत केले. ब्रिटिश उत्पादकांना येथील पसंती कळावी आणि माल खपावा, हा त्यामागील उद्देश. त्यांनी ढाक्याची मलमल आणि युरोपीय यंत्राची मलमल यांच्या धाग्यांची जाडी व पीळ मोजून तुलना केली आणि ढाक्याचे सूत अधिक तलम ठरविले. म्हणजे हाताला जे जाणवत होते ते मोजमापाने सिद्ध झाले. पण हे मोजमाप विकणाऱ्याच्या हाती होते, घेणाऱ्याच्या नव्हे.

५

मोजमापाची ही सूत्रे पुढे शासनाच्या हाती कशी आली, हे पाहणे उद्बोधक आहे. सुताचा तलमपणा अंकाने सांगतात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी होतील तितका त्याचा अंक. २० अंकाचे एक पौंड सूत १६,८०० वार लांब असते. हा तांत्रिक अंक पाहता पाहता राजकीय झाला. १८७९ मध्ये ३० अंकाहून तलम सूत नसलेल्या जाड्याभरड्या विलायती मालाला आयात कर माफ करण्यात आला. १८९४ मध्ये आयात कर पुन्हा बसविताना, हिंदी गिरण्यांच्या २० अंकापेक्षा तलम सुतावर ५ टक्के अबकारी कर लादण्यात आला. १८९६ मध्ये ही रचना बदलून गिरणीच्या विणलेल्या सर्व कापडावर साडेतीन टक्के कर आला. तो १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला. कापड किती तलम आहे याचा निवाडा हा अशा रीतीने लँकेशायर आणि मुंबई यांच्या हितसंबंधांचा निवाडा बनला.

दुसरीकडे शिक्का आला. १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याने ठाणावर त्याची लांबी वारांत छापणे आवश्यक केले. त्यामुळे लांबीची फसवणूक आटोक्यात आणण्यास आधार मिळाला. शिक्का मात्र लांबीपुरताच बोलत होता; खळ किती, सूत कोणते, पहिल्या धुण्यानंतर काय उरेल, याविषयी तो मूक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ मध्ये कापड नियंत्रण आले आणि ठाणावर किंमतही छापली जाऊ लागली. १९६४ मध्ये धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या पाच प्रकारांना नियंत्रित किमतीच्या योजनेत घेण्यात आले. यांतील लाँगक्लॉथ म्हणजे आपल्या विषयातील साधे पांढरे कापडच. लांबी, मग किंमत, मग घटक असा शिक्क्याचा मजकूर वाढत गेला, आणि गिऱ्हाइकाचा हात हळूहळू ठाणावरून शिक्क्याकडे सरकला.

शास्त्रीय परीक्षेची संस्थात्मक परंपरा याच प्रदेशात वाढली. माटुंगा येथे १९२४ मध्ये मध्यवर्ती कापूस समितीची प्रयोगशाळा निघाली आणि हिंदी कापसाच्या जातींची सूतकताईच्या दृष्टीने पद्धतशीर परीक्षा सुरू झाली. भारतीय मानक संस्थेने आपल्या मानकमालेत पहिला क्रमांक दिला तो राष्ट्रध्वजाला, १९५१ मध्ये. त्यात खादीच्या कापडाचे गुणधर्म नेमून दिलेले आहेत, आणि ध्वजाच्या मधल्या पट्ट्याचे पांढरे कापडही त्यात आले. नांदेड येथे अशा ध्वजांची निर्मिती होते.

खादीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला पाहिजे. गिरणीच्या कापडाच्या कसोटीत सारखेपणा हा मुख्य गुण. हातसुताच्या कापडात थोडा असमानपणा हा दोष न मानता अस्सलपणाची खूण मानला गेला. तथापि याचा अर्थ खादीच्या चळवळीने परीक्षा टाळली असा नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाच्या कार्यात सुताचा अंक, समानता आणि मजबुती यांची तपासणी होती. फरक एवढाच, की येथे कातणारा स्वतःच आपल्या सुताचा पहिला परीक्षक असावा अशी अपेक्षा होती. उत्पादक आणि पारखी यांची ही एकरूपता औद्योगिक व्यवस्थेत अन्यत्र आढळत नाही.

६

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : दोषाची किंमत कोणी भरली? मुंबईच्या गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची रीत होती आणि ती कामगारांच्या जुन्या तक्रारींपैकी एक होती. १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या शाही श्रम आयोगाने दंड व कपातीच्या प्रश्नाचा विचार केला. त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. त्याने दंडाची मर्यादा रुपयास अर्धा आणा अशी ठरविली. नुकसानीबद्दलची कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक नसावी आणि कामगारास आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी, असे बंधन घातले. कापडाच्या परीक्षेला कायद्याने प्रथमच प्रतिवादीची बाजू दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईची गिरणी संपली आणि भिवंडीचा माग वाढला, तेव्हा हा प्रश्न नव्या जागी आला. यंत्रमागावरील मजुरी कामाच्या मापावर, म्हणजे मीटरवर वा घातलेल्या आडव्या धाग्यांवर ठरते. उतरलेले कापड उलगडून तपासले जाते. सुटलेला धागा, पोकळ वीण, फणीची रेघ, तेलाचा डाग, माग थांबून पुन्हा सुरू झाल्याची आडवी पट्टी हे दोष कोऱ्या कापडावर लगेच दिसतात. यांची कारणे मात्र एकाच व्यक्तीपाशी नसतात. सुटलेला धागा दुबळ्या सुतामुळे किंवा अपुऱ्या खळीमुळे असू शकतो. तेलाचा डाग जुन्या मागाचा असू शकतो. आडवी पट्टी वीज गेल्याची असू शकते. सुताचा व्यापारी, खळ देणारा कारखाना, मागाचा मालक आणि विजेचा पुरवठा या सर्वांची नोंद त्या एका ठाणावर असते. परीक्षेच्या मेजावर मात्र शेवटचा हात विणकराचा दिसतो, आणि विनासंरक्षण मजुरीत दोषाचा भार त्याच्यावर टाकणे सर्वांत सोपे असते. दोष दाखविणे आणि दोषी ठरविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. कापडाच्या इतिहासात त्यांची वारंवार गल्लत झाली आहे.

७

या पार्श्वभूमीवर पांढऱ्या टी-शर्टाचा विचार करू. हा आपल्याकडील गंजीफ्रॉकाचा भाऊबंद. आतून घालावयाचे वस्त्र बाहेर आले एवढेच. त्याच्या कापडात ताणा-बाणा नाही, फास आहेत. म्हणून उजेडासमोर धरण्याची जुनी परीक्षा येथे अंशतःच लागू पडते. व्यापारात त्याची भरणी दर चौरस मीटर वजनाने सांगतात. सर्वसाधारण टी-शर्टाचे हे वजन १४० ते २०० ग्रॅमच्या आसपास असते. अधिक वजन म्हणजे अधिक गुण, अशी समजूत अलीकडे बळावली आहे. ती लँकेशायरच्या खरेदीदारांच्या समजुतीहून फारशी वेगळी नाही. आखूड तंतूच्या जाड सुतानेही वजन भरते. त्या वजनाचा टिकाऊपणाशी अनिवार्य संबंध नाही. खरे महत्त्व सुताला आहे. ते विंचरलेल्या, म्हणजे आखूड तंतू काढून टाकलेल्या कापसाचे आहे काय, त्याचा पीळ योग्य आहे काय, आणि फास पुरेसे घट्ट आहेत काय, हे पाहिले पाहिजे.

हे गुण झाकणारे संस्कारही आता अधिक सूक्ष्म झाले आहेत. पूर्वी कापसाचा पिवळसरपणा झाकण्यास नीळ होती. नंतर प्रकाशीय उजाळा देणारी द्रव्ये आली. ‘टिनोपाल’ हे त्यांतील एक नाव घरोघरी परिचित होते. ही द्रव्ये डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरे भासते. विकरांनी पृष्ठभागावरील बारीक लव खाऊन टाकण्याची प्रक्रिया कापडास गुळगुळीत करते. मऊपणा आणणारी रसायने हाताला सुखावतात. यांपैकी कोणताही संस्कार स्वतः निंद्य नाही, जशी खळही निंद्य नव्हती. प्रश्न एवढाच, की त्यांच्याखाली काय आहे.

त्याचे उत्तर धुणेच देते. चार-पाच धुण्यांनंतर पाहावयाच्या गोष्टी अशा : बाजूची शिवण उभी राहिली आहे की तिरपी वळून पोटाकडे आली आहे, एकेरी विणीत सुताच्या पिळाचा समतोल साधला नसेल तर ती हमखास वळते. लांबी किती आटली आणि रुंदी किती पसरली. गळ्याची पट्टी पूर्ववत् होते की लाटांसारखी राहते. पृष्ठभागावर गुठळ्या आल्या काय. आखूड तंतू बाहेर येऊन गुंतल्याचे ते चिन्ह होय. पांढरेपणा मळकट न होता मूळ कापसाकडे झुकला की डागाळल्यासारखा झाला. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही. पट्टी, पाणी आणि थोडा काळ लागतो.

पण नेमका हाच काळ आजच्या व्यवहारात गिऱ्हाइकाला मिळत नाही. वडप्याच्या परिसरातील गोदामातून निघालेल्या बंद पिशवीवर माप, किंमत आणि घटक छापलेले असतात. सुताचा अंक व कापडाचे वजन क्वचितच. चोळून पाहावयाचा कोपरा पिशवीत असतो. याच्या मोबदल्यात परत करण्याची मुदत देण्यात येते, आणि २०२० च्या ई-व्यापारविषयक नियमांनी सदोष वा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये असेही म्हटले आहे. तथापि आवडनिवडीने परत करावयाचा कपडा न वापरलेला व न धुतलेला असावा, ही सर्वसाधारण अट असते; आणि धुतल्यानंतर दिसलेला दोष मुळातला होता हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात गिऱ्हाइकावर पडतो. तात्पर्य असे, की जी परीक्षा निर्णायक, ती केली की परतीचा मार्ग अवघड होतो, आणि मार्ग मोकळा ठेवावयाचा तर परीक्षा करता येत नाही. जुन्या दुकानात कोपऱ्याएवढा का होईना, जो अधिकार होता, तो मुदतीच्या उदारतेतही परत आलेला नाही.

८

यातून निघणारा निष्कर्ष ग्राहकनीतीपुरता मर्यादित नाही. कापडाच्या इतिहासाचे अभ्यासक उत्पादनाचे आकडे, करांचे दर आणि संपांचे दिवस यांकडे लक्ष देतात, ते योग्यच आहे. परंतु परीक्षेचे स्थान कोठे होते, हा प्रश्नही तितक्याच महत्त्वाचा आहे. दुकानाचा कट्टा, गिरणीतील तपासणीचे मेज, करवसुलीचे कार्यालय, माटुंग्याची प्रयोगशाळा, भिवंडीतील कापड उलगडण्याची खोली आणि घरातील मोरी या सर्व एकाच कापडाच्या परीक्षेच्या जागा होत. त्यांपैकी प्रत्येकीत वेगळी व्यक्ती परीक्षक आणि वेगळी व्यक्ती दोषाची धनी ठरते. यंत्रमागांच्या परिसरातील कपातीच्या वह्या, जुन्या दुकानांचे नमुन्यांचे तुकडे आणि घराघरांत कापड घेणाऱ्या स्त्रियांच्या आठवणी ही साधने जपून अभ्यासली, तर मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यानंतरच्या काळाचा इतिहास अधिक भरीव होईल. त्या इतिहासात घरातील मोरीचे स्थान गौण समजू नये. खळ, माती, नीळ आणि उजाळा हे सर्व वाहून गेल्यावर कापड जसे आहे तसे प्रथम तेथेच दिसले, आणि ते पाहणाऱ्या डोळ्यांचे मत कोणत्याही शिक्क्यावर आजवर छापले गेलेले नाही.